आधी छाती मोकळी करा, साडीचं नंतर बघू

वाचकांचे प्रश्न : लिंगओळख आणि राहणीमान याबद्दल सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझं वय 19, डिप्लोमाचं दुसरं वर्ष. कागदोपत्री मुलगी. मला स्वतःला मुलगी म्हणवत नाही, पण मुलगाही म्हणवत नाही. कॉलेजसाठी छातीवर क्रेप बँडेज गुंडाळायची सवय लागली आहे. हल्ली खोल श्वास घेतला की बरगडीत चमक निघते. त्यात मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न. आई म्हणते, हळदीला आणि लग्नाला साडीच, आणि तोवर केस वाढव.

उत्तर : बँडेज आजच काढा. ते मुरगळलेल्या पायासाठी असतं. छातीभोवती गुंडाळलं की श्वास सोडताना आवळतं आणि घेताना तेवढं सैल होत नाही. दिवसभरात त्याचा सगळा ताण खालच्या बरगड्यांवर येतो. पॅकिंगची चिकटपट्टी त्याहून वाईट, ती काढताना कातडी सोलून निघते. चमक दोन-तीन दिवसांत गेली नाही, खोकताना दुखलं किंवा हातांना मुंग्या आल्या तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर तेवढंही थांबू नका. डॉक्टरांना कारण सांगायची सक्ती नाही, पण बँडेजचं लपवू नका, नाहीतर तपास भलतीकडेच जातो.

छाती सपाट दिसावी म्हणून खास शिवलेलं बाइंडर ऑनलाइन मिळतं. टेपने छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाचा घेर आणि खांद्यांची रुंदी मोजा. माप दोन आकारांच्या मधे आलं तर मोठं मागवा. लहान घेतलं म्हणून छाती जास्त सपाट होत नाही, फक्त दुखते. अंगात घातल्यावर काखेखाली दोन बोटं सरकली पाहिजेत आणि छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. पहिला आठवडा रोज दोन-तीन तास, पुढे कधीही 8 तासांच्या वर नाही. झोपताना, पळताना, जिममध्ये नाही. एकावर एक दोन तर नाहीच नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी.

सोलापूरचा मे म्हणजे पारा 42-43 अंशांना टेकतो. आत पातळ सुती बनियन घाला, बाइंडर रोज धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. ओलसर राहिलं की स्तनाखाली गजकर्ण आलंच. मग लोक मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणतात. खाज दोन दिवस थांबते आणि नंतर चट्टा पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा. खरं सांगायचं तर मे महिन्यात बाइंडरपेक्षा बरोबर मापाची स्पोर्ट्स ब्रा, गडद टी-शर्ट आणि वरून बटणं न लावलेला चौकटीचा ढगळ शर्ट हेच बरं. छातीवर खिसे असलेल्या शर्टात आकार पुष्कळ लपतो.

आता साडी. हा विषय हळदीच्या सकाळी काढलात तर हरलात, कारण तोवर घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि आईला माघार घेता येत नाही. महिनाभर आधी, आई एकटी असताना बोला. नुसता नकार देऊ नका, दोन पर्याय पुढे ठेवा : साधा लांब कुर्ता आणि चुडीदार, किंवा कुर्त्यावर जॅकेट. रंग आईला निवडू द्या. आयांना बऱ्याचदा साडीच हवी असते असं नाही, ‘पोरीला काही घेतलं नाही’ हे ऐकायचं नसतं. एखाद्या विधीपुरती साडी नेसून बाकी तीन दिवस मोकळे मिळत असतील, तर तोही सौदा होऊ शकतो. जमेल की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. केसांची घाई नाही. ते कापले तरी वाढतात.

तुमच्या पत्रात ‘जातो’ नाही आणि ‘जाते’ही नाही. बोलतानाही हे जमतं. मराठीत भविष्यकाळाचा ‘मी येईन’ कोणालाही चालतो. ‘मी पाहिलं’, ‘मी काम केलं’ यांतही लिंग दिसत नाही. ‘मी दमले’ऐवजी ‘मला थकवा आलाय’, ‘मी जेवलो’ऐवजी ‘माझं जेवण झालं’, ‘मी निघते’ऐवजी ‘मला निघायचंय’. अडचण ‘जातोय-जातेय’ इथे येते. तिथे चार दिवस अडखळायला होईल. स्वतःला काय म्हणवायचं याचा निकाल मात्र लग्नाच्या आत लागलाच पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत. काजळ घालतो, माझी ओढणी घेऊन आरशासमोर असतो. नवरा म्हणतो एका बाबांकडे नेऊ. सासूबाई म्हणतात, 21 चा झाला की लग्न लावा, आपोआप सुधारेल.

उत्तर : ताई, काजळ आणि ओढणीवरून तुमचं मूल पुढे कोण होणार हे आम्हालाही सांगता येणार नाही, त्यालाही कदाचित येणार नाही. काजळ धुतलं जातं. बाबाकडे मार खाल्लेला मुलगा तुम्हाला काही सांगायचं कायमचं बंद करील. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत. हे नवऱ्याला शांतपणे, पण सांगाच.

डॉक्टरकडे नेऊन ‘सरळ करून घेऊ’ हाही मार्ग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत लिंगओळख वेगळी असणं हे मानसिक विकारांतून काढलं. ती यादी 2022 पासून लागू आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. समुपदेशक गाठताना फोनवरच विचारा : ‘मुलाला बदलणार की ऐकून घेणार?’ उत्तर गोलमोल आलं तर दुसरा शोधा.

लग्नाबद्दल स्पष्टच लिहितो. त्याने सुधारणा होत नाही, एका अनोळखी मुलीचं आयुष्य मात्र त्यात अडकतं.

घरात करायचं ते एवढंच : रोज संध्याकाळी चौकशी नको, मोबाइलची झडती नको, त्याचे कपडे-काजळ फेकणं नको. जेवण तुटलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, ‘मी नसलो तर बरं’ असं बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. शेती असेल तर फवारणीचं औषध आजच कुलपात ठेवा. नवऱ्याकडून ‘मान्य आहे’ असं वदवून घ्यायला जाऊ नका. सहा महिने कोणी काही करायचं नाही, एवढंच कबूल करून घ्या. आणि लोक काय म्हणतील यावर : आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. लोक तुम्ही समजता तेवढे एकसारखे नसतात.

प्रश्न : वय 22, ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्माची नोंद मुलगा, पण मी स्त्री. मैत्रिणींच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला चार घेते. मिश्री लावते. फरक लवकर दिसायला आणखी वाढवू का?

उत्तर : वाढवू नका, बंद करा. त्या गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिओल हा स्त्री-हार्मोनचा कृत्रिम प्रकार असतो. चौपट मात्रेत त्याने शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून या उपचारात डॉक्टर ते वापरत नाहीत, शरीरातल्या हार्मोनसारखंच असलेलं इस्ट्राडिओल देतात. तंबाखूही सोडा, रक्तवाहिन्यांना ती वेगळी बाधते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली तर रात्र असली तरी सिव्हिलच्या अपघात विभागात जा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

पुढचं काम हार्मोनच्या डॉक्टरांचं, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टचं. सुरुवातीला यकृत, मूत्रपिंड, चरबी, साखर आणि हार्मोनच्या तपासण्या, मग पहिलं वर्ष साधारण दर तीन महिन्यांनी. पुरुषी हार्मोन दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं तर पोटॅशियम तपासावंच लागतं, ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. छातीतला फरक 3 ते 6 महिन्यांत सुरू होतो आणि पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. मात्रा वाढवून तो लवकर येत नाही. आवाज आणि दाढी गोळ्यांनी जात नाहीत. आवाजाला सराव, दाढीला लेझर. वीर्यावरचा परिणाम कायमचा राहू शकतो, तेव्हा पुढे स्वतःचं मूल हवं असेल तर ते आधी गोठवून ठेवायची सोय विचारा. निर्वाण, म्हणजे वृषण-लिंग काढण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या मैत्रिणींनाही सांगा : त्यानंतर वर्षानुवर्षं हार्मोनच घेतले नाहीत तर हाडं ठिसूळ होतात.

प्रश्न : नाव बदलायचं आहे. आधी आधार की गॅझेट?

उत्तर : गॅझेट. अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन होतो. जुनं-नवं नाव मराठी आणि इंग्रजीत, दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग समोर ठेवून लिहा. एक अक्षर चुकलं तर पुन्हा सगळं. मग आधार, त्यानंतर पॅन आणि बँक. आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं आणि लिंग एकदाच, म्हणून नाव पक्कं झाल्याशिवाय तिथे हात लावू नका. पॅनच्या फॉर्मात 2018 पासून ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. दहावीच्या कागदांसाठी शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जावं लागतं. लिंगाच्या नोंदीसाठी तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्याचा अर्ज भरण्याच्या दिवशी तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या सरकारी पोर्टलवरचे चालू नियम वाचा, कोणी मागे भरलेल्या फॉर्मची नक्कल करू नका.