'हार्ट फेल', झटका आणि लाल किमोतलं रुधिर

ताई, तुमचा प्रश्न असा की आत्याच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या किमोआधी डॉक्टर म्हणाले हार्ट फेल्युअरचा धोका असतो, तर त्याला मराठीत हृदयविकाराचा झटका म्हणायचं का. अजिबात नाही! झटका वेगळा, हृदय बंद पडणं वेगळं, हे तिसरंच. पण तिन्हीला सर्रास 'हार्ट फेल' म्हणतात आणि घरची माणसं हबकून जातात. इथे हृदय चालूच असतं, रक्त ढकलायला कमी पडतं. म्हणून मी 'हृदय कमी पडणं' म्हणतो, 'निकामी' नको. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला आत भरलेल्यापैकी किती रक्त बाहेर गेलं ते) ५५ ते ७० टक्के म्हणजे नॉर्मल, शंभर कुणाचंच नसतं.

आता खरी गंमत औषधाच्या नावात आहे. हा धोका मुख्यतः डॉक्सोरुबिसिनचा, तेच ॲड्रियामायसिन, ज्याला वॉर्डात सगळे 'लाल किमो' म्हणतात. माझ्या मावशीला नर्स ते सिरिंजने हळूहळू शिरेत सोडायची, सरबतासारखं लालभडक, आणि नंतर दिवसभर लघवीसुद्धा लाल. इटलीत कास्तेल देल मोंते किल्ल्याजवळच्या मातीतल्या जंतूपासून आधी याचं भावंड सापडलं, त्याला तिथल्या जुन्या दौनी जमातीवरून दौनोमायसिन म्हटलं. फ्रेंचांनाही तेच सापडलं, त्यांनी माणकावरून, म्हणजे 'रुबी'वरून नाव दिलं, मग दोन्ही जोडून दौनोरुबिसिन. डॉक्सोरुबिसिनमधलं 'रुबी'ही तेच. ॲड्रियामायसिनमध्ये इटलीजवळचा ॲड्रियाटिक समुद्र आलाच. आता काही जाणकार म्हणतात रुबी फ्रेंच, विषय संपला. संपला कसा? रुबीच्या मागे लॅटिनमधला 'लाल' आहे, आणि तो लॅटिन शब्द आणि आपलं रुधिर एकाच मुळाचे, रुधिरचा जुना अर्थही लालच! म्हणजे बाटलीवर रुधिराचंच नातलग लिहिलेलं असतं. असं असताना इंग्रजी 'रेड डेव्हिल'वरून 'लाल सैतान' कशाला आणायचा, ज्या बाईला ते घ्यायचंय तिच्यासमोर तर नकोच, 'लाल किमो' छान आहे.

आणि ब्रेस्ट कॅन्सरच्याच हर्सेप्टिन या दुसऱ्या औषधाला किमो म्हणू नका, ती अँटिबॉडी आहे, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन. तिच्यामुळे कमी पडलेलं हृदय औषध थांबवल्यावर बरेचदा सावरतं. लाल किमोचं तसं नाही, परिणाम कधी काही वर्षांनीही दिसतो, आणि आयुष्यभराचा एकूण डोस मोजतात, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. आत्याला आधी कधी हे दिलं असेल तर ती जुनी फाईल डॉक्टरांना दाखवा, आणि आडवं झाल्यावर धाप लागली किंवा पायांवर सूज आली तर लगेच सांगा.