ग्रीन एचआर म्हणजे ऑफिसतर्फे झाडं लावणं एवढंच का?

नाही हो. पावसाळ्यात एक दिवस रोपं लावली, ग्रुप फोटो काढला, झालं, ह्याला ग्रीन एचआर म्हणत नाहीत. खरा विषय भरती, ट्रेनिंग, अप्रेझल आणि भत्ते ठरवताना पर्यावरणाचा विचार करण्याचा आहे.

मी मुंबईत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, एका कंपनीत एचआरला होते, तिथे मॅनेजर लोकांना पार्किंग फुकट आणि वर पेट्रोलचे पैसे, आणि जो माणूस डोंबिवलीहून लोकलला लटकत येतो, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या लाइनीत उभा राहतो त्याला साधे पासाचे पैसे पण नाहीत! म्हणजे पॉलिसीच सांगते की गाडी आणा. मला अजून राग येतो त्याचा. पासाचे पैसे द्या, आता मेट्रो 3 पण बीकेसीला येते, तिचं तिकीट द्या, आठवड्यातून दोन दिवस घरून काम द्या, फरक पडतोच.

आणि हे हिशोबात पण धरतात बरं का, स्टाफचं येणं-जाणं कंपनीच्या स्कोप 3 उत्सर्जनात मोजतात, म्हणजे कंपनी स्वतः थेट करत नाही पण तिच्या कामामुळे होतं ते प्रदूषण. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट, कम्पल्सरी केलाय, त्यात वीज, पाणी, कचरा सगळं सांगावं लागतं.

अप्रेझलमध्ये पण टाका, पण ज्याच्या हातात आहे त्याच्याच. विजेचं बिल ॲडमिन हेडच्या केआरएमध्ये, म्हणजे ज्या कामांवर त्याचे मार्क ठरतात त्यात, घाला, ज्युनियरला एसीचा रिमोट पण मिळत नाही, त्याचे मार्क कशाला कापता?

हाउसकीपिंगच्या मावशींना ट्रेनिंगला आधी बसवा, ओला-सुका कचरा शेवटी त्याच वेगळा करतात.