आयव्हीएफच्या इंजेक्शनांआधी को-क्यू टेन, डीएचईए वगैरे घेतल्याने स्त्रीबीजं जास्त मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की वय 36, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय ते दाखवणारी रक्ततपासणी) 0.8, म्हणजे कमी, पुढच्या पाळीला आयव्हीएफची इंजेक्शनं सुरू होणार. को-क्यू टेन, डीएचईए, व्हिटॅमिन डी घेऊन स्त्रीबीजं वाढतील का, आणि त्यासाठी तीन महिने थांबावं का, असं विचारलंय. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. पण 37व्या आणि 38व्या वर्षी आयव्हीएफच्या दोन सायकल (फेऱ्या) केल्यात, एएमएच 0.9 होतं, आणि तुम्ही ज्या बाटल्यांची नावं घेतलीत त्यातल्या बहुतेक माझ्या घरी होत्या.

गोळीने नवीन स्त्रीबीज तयार होत नाही. जन्मतः 10 ते 20 लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, पुढे कमीच होत जातात. दर महिन्याला काही फॉलिकल्स (स्त्रीबीज ज्यात वाढतं त्या छोट्या पिशव्या) एकदम वाढीला लागतात, त्यातलं एक पुढे जातं, बाकीची विरून जातात. पोटात टोचून घेतो ती इंजेक्शनं या विरून जाणाऱ्यांना वाढवतात, एवढंच. त्यामुळे पाळीच्या दुसऱ्या दिवसाच्या सोनोग्राफीत पाच फॉलिकल्स दिसत असतील तर कुठल्याही पावडरने त्यांची पंधरा होणार नाहीत. हे मला पहिल्याच भेटीत कुणी सांगितलं असतं तर खूप रात्री शांत झोपले असते.

मग तीन महिने कुठून आले? छोट्या फॉलिकलला पूर्ण वाढायला साधारण 85 दिवस लागतात, म्हणून जे काही घ्यायचं ते दोन-तीन महिने आधीपासून घ्या, असं सांगतात. को-क्यू टेनमागचा विचार असा की पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणा वयानुसार मंदावते, तिला हातभार लागावा. 2018 मध्ये चीनमधला एक अभ्यास आला. स्त्रीबीजांचा साठा कमी असलेल्या तरुण बायकांना रोज 600 मिलिग्रॅम, 60 दिवस दिलं. स्त्रीबीजं थोडी जास्त मिळाली, इंजेक्शनं कमी लागली. पण शेवटी बाळ घरी येण्याच्या प्रमाणात ठोस फरक सिद्ध झाला नाही. आपल्याला हवंय ते बाळ, म्हणून ही ओळ विसरू नका. मी दुसऱ्या सायकलआधी ते घेतलं. पहिल्यांदा तीन स्त्रीबीजं मिळाली होती, दुसऱ्यांदा पाच. पण त्याच वेळी माझ्या डॉक्टर मॅडमनी इंजेक्शनांचा डोस 225 युनिटवरून 300 केला होता आणि प्रोटोकॉलही (औषधं देण्याची पद्धत) बदलला होता. श्रेय गोळीला देणं मला पटत नाही.

डीएचईएबद्दल मात्र कळकळीने सांगते. ते व्हिटॅमिन नाही, हार्मोन आहे. शरीरात त्याचं पुरुषी हार्मोनमध्ये रूपांतर होतं. अमेरिकेत ते दुकानात सहज मिळतं, म्हणून माझ्या नणंदेने न्यू जर्सीहून येताना प्रेमाने बाटली आणली. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये इंजेक्शनांना कमी प्रतिसाद देणाऱ्या बायकांसाठी त्याची शिफारस केलेली नाही. मुरुमं, हनुवटीवर केस हे त्रास होतात. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असेल तर पुरुषी हार्मोन बऱ्याचदा आधीच वाढलेलं असतं. मी बाटली उघडली नाही.

व्हिटॅमिन डी आधी तपासा. कमी असेल तर डॉक्टर 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक देतात. कोर्स संपला की थांबायचं, कारण ते अंगात साठतं. फोलिक अ‍ॅसिड मात्र चुकवू नका. ते बाळाच्या मणक्यासाठी असतं, स्त्रीबीजांसाठी नाही.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग. पहिल्या सायकलचा सातवा दिवस. सोनोग्राफीत चार फॉलिकल्स, सगळी 11-12 मिलिमीटरची. आणि रक्तात इस्ट्राडिओल, म्हणजे फॉलिकल्स वाढताना तयार करतात ते हार्मोन, दोन हजारांच्या वर! एवढ्या लहान चार फॉलिकल्ससाठी हे फारच जास्त. मॅडम स्क्रीनकडे बघतात, मग कागदाकडे, पुन्हा स्क्रीनकडे. "हे जुळत नाही. आणखी काय घेताय?" मी म्हटलं, काही नाही. "केसांसाठी काही?" तेव्हा मला आठवलं. रोज सकाळी एक गुलाबी गमी. मी तिला औषध मानतच नव्हते. डब्यावर बायोटिन (केसांसाठी विकतात ते एक व्हिटॅमिन) 10,000 मायक्रोग्रॅम लिहिलेलं. बऱ्याच लॅबमध्ये हार्मोन मोजायच्या पद्धतीतच बायोटिन वापरतात. पोटातून आलेलं बायोटिन तिथे लुडबुड करतं, मग इस्ट्राडिओल खोटं जास्त दिसू शकतं आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बीटा एचसीजी (गर्भधारणेची तपासणी) खोटं कमी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्येच याबद्दल इशारा दिलाय. गमी बंद केली, दोन दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, आकडा सहाशेच्या आसपास आला. त्या खोट्या आकड्यावर इंजेक्शनांचा डोस कमी होता होता राहिला. तीन स्त्रीबीजांतलं एखादं तिथेच गेलं असतं, हा विचार आजही पोटात गोळा आणतो.

म्हणून घरात जे जे आहे ते सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर टेबलावर ओता. केसांच्या गमी, जिमची पावडर, फिश ऑइल, सासूबाई दुधातून देतात तो शतावरी कल्पसुद्धा. (मला इंजेक्शनं चालू असताना शतावरी थांबवायला सांगितली. सासूबाईंना मॅडमनीच फोनवर समजावलं, म्हणून घरात वाद झाला नाही.) डबे उलटे करून बघा. बऱ्याच डब्यांवर 14 आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नंबर आणि "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत छापलेलं दिसेल. दुकानदार काहीही म्हणो, अशा डब्यातलं कायद्याने अन्न आहे, औषध नाही.

आणि तीन महिने थांबायचं का? नुसत्या को-क्यू टेनसाठी मी थांबले नसते. 0.8 एएमएचला आणि 36 व्या वर्षी वेळ त्या गोळीपेक्षा महाग आहे. थायरॉइड, साखर किंवा हिमोग्लोबिन बिघडलेलं असेल आणि डॉक्टर ते आधी सुधारू म्हणाले, तर जरूर थांबा. नाहीतर दुसऱ्या दिवसाच्या सोनोग्राफीची वेळ घेऊन टाका, आणि बायोटिन असेल तर आजपासूनच बंद करा.