अल्टिमेट खो-खो सुरू करताना खेळाचे नियम एवढे बदलायची खरंच गरज होती का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचे वडील जुने खेळाडू, आणि अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचा पहिलाच सामना बघून "हा खो-खो नव्हे" म्हणत ते टीव्हीसमोरून उठून गेले. आमच्या घरी काकाही असेच उठून गेले होते. म्हणून लिहायला बसले.

गरज होती. आणि हे मी संरक्षक, म्हणजे पळणारी खेळाडू म्हणून सांगतेय. शाळेपासून कॉलेजपर्यंत मी पळतीचाच खेळ खेळले. जुन्या नियमांत गुण मिळायचा तो गडी बाद करणाऱ्याला. पळणारीनं तीन-तीन मिनिटं समोरचा संघ दमवला, तरी दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्या नावापुढे वेळ छापून यायची आणि विषय संपायचा. लीगनं 'ड्रीम रन' आणला. ठरलेल्या वेळेपलीकडे तुकडी, म्हणजे एका वेळी मैदानात उतरणारे तीन संरक्षक, टिकली की संरक्षण करणाऱ्या संघालाही गुण. खेळ बिघडवला म्हणून ज्यांना नावं ठेवली जातात, त्यांनीच पळणाऱ्या खेळाडूला गुणफलकावर जागा दिली. मला हा नियम वीस-पंचवीस वर्षं आधी हवा होता.

आणि अस्सल खो-खो म्हणजे नेमका कधीचा? १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यानं समिती नेमून नियम बांधायला घेतले. त्याआधी ना खांब होते, ना मैदानाचं ठरलेलं माप, ना वेळेचं बंधन. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्यानं नियमांची पुस्तिका काढली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा विजयवाड्याला झाली ती थेट १९५९-६० मध्ये. मधल्या काळात मापं बदलली, मिनिटं बदलली. तुमच्या वडिलांनी जे नियम पाठ केले, तेही आधीच्या लोकांनी बदलत बदलतच त्यांच्यापर्यंत आणले होते. २०१४ ला प्रो कबड्डी आली तेव्हा 'डू ऑर डाय' चढाई आणि सुपर टॅकल या नियमांवरही हीच ओरड झाली होती. आज गल्लीतली पोरं कबड्डी खेळताना तेच शब्द ओरडतात.

आता माझा राग नेमका कशावर आहे ते सांगते, कारण तो नुसता नियमांवरचा नाही.

आमचं मंडळ सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं. प्रशिक्षक माझे सख्खे काका. नोकरीवरून सुटले की घरी न जाता थेट मैदानावर यायचे. पाणी मारायचं, खडे वेचायचे, फक्कीनं पाट्या आखायच्या, मग सराव. फी कधी घेतली नाही. मुलींचा सराव संपला की प्रत्येकीला घरापर्यंत कोण सोडणार हे ठरल्याशिवाय ते मैदान सोडायचे नाहीत. ज्या काळात गावात मुलगी हाफपँट घालून पळते म्हणून लोक नाक मुरडायचे, त्या काळात त्यांनी आम्हाला पळवलं. त्यांच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर मी आजही भांडेन.

पण मॅटच्या बाबतीत त्यांनी हट्ट केला आणि तो हट्ट पोरींना महागात पडला. मोठ्या स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या होत्या. एका पतसंस्थेनं आमच्या मंडळाला मॅटसाठी पैसे द्यायची तयारी दाखवली. बैठकीत काका म्हणाले, "माती सोडली की पायातला खेळ जातो. मॅटला छप्पर लागतं, रोज तुकडे जोडा, रोज काढा, कोण करणार?" छप्पराचा मुद्दा खरा होता. पण गावात मंगल कार्यालयाचा हॉल वर्षातले कितीतरी दिवस रिकामा असतो, तो भाड्यानं मिळाला असता. मी तसं म्हणाले. काकांसमोर बोलायची बाकी कुणाची छाती नव्हती. ठराव बारगळला, पैसे दुसऱ्या कुठल्या तरी मंडळाला गेले.

पुढच्या हंगामात राज्य संघाची निवड चाचणी मॅटवर झाली. आमची एक मुलगी होती, तिचं नाव इथे लिहीत नाही. साखळी, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी, पळावी तर तिनंच. मातीवर तिला खांबाजवळ गाठणं जिल्ह्यात कुणाला जमत नव्हतं. तिची खुबी अशी की खांबापाशी वळताना ती चवड्यावर ब्रेक मारायची. माती थोडी सरकते, पाय वीतभर घसरतो, आणि त्या घसरण्यातच अंग उलट्या दिशेला फिरलेलं असतं. मॅट सरकत नाही. तिनं नेहमीसारखा चवडा टेकला, तो तिथंच रुतून बसला, घोटा मुरगळला आणि शरीर पुढे गेलं. मारणारीला सूर मारायचीसुद्धा गरज पडली नाही, चालत येऊन पाठीला हात लावला. पहिल्याच मिनिटात बाद. यादीत तिचं नाव आलं नाही. नंतर बारावी, मग घरच्यांनी खेळ बंद केला.

राज्याच्या संघातून खेळणं म्हणजे काय, हे खो-खोवाल्यांना सांगायला नको. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आहे, विमानतळ प्राधिकरण आहे. आमच्याकडच्या पोरी एवढ्याच एका आशेवर पहाटे उठतात. काका म्हणाले, "तिचं नशीब." मी तेव्हाही म्हणाले, आणि आजही म्हणते, की त्यात नशिबाचा काही संबंध नव्हता. तिला मॅटवर सराव मिळाला नव्हता, एवढंच.

मग २०२२ चा ऑगस्ट उजाडला. २०१९ ला जाहीर झालेली लीग कोरोनामुळे रखडली होती, ती पुण्यात बालेवाडीला सुरू झाली. डाबरचे अमित बर्मन आणि खो-खो महासंघ यांनी उभी केलेली, संघ ६. मैदानात ९ ऐवजी ७ जण, पाळी ९ ऐवजी ७ मिनिटांची, साधा गडी बाद केला तर २ गुण, खांबावरून किंवा हवेत सूर मारून बाद केला तर ३. आणि वजीर, म्हणजे दिशेचं बंधन नसलेला आक्रमक. काका उठले ते वजिराला बघून. उठलेला आक्रमक एकदा दिशा घेतली की मागे फिरत नाही, हा त्यांच्या दृष्टीनं खेळाचा कणा. मला त्यांचं दुखणं कळतं. आमची सगळी हुलकावणी त्या एका नियमावर उभी होती.

पण ४ सप्टेंबरला अंतिम सामना बघायला मी बालेवाडीला गेले. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. शेवटच्या मिनिटात ओडिशा ४३, तेलुगू ४५. काही सेकंद उरले असताना सूरज लांडेनं हवेत झेप घेऊन गडी टिपला, ३ गुण, ४६-४५. पूर्ण लांबीचा सूर होता, अंग जमिनीला समांतर, बोटं जेमतेम टेकली. तो साधा गडी म्हणून २ गुणांचाच धरला असता तर सामना बरोबरीत आला असता. अवघड सुराला जास्त किंमत द्यायची ठरवली, म्हणून त्या पोरानं जीव खाऊन उडी घेतली. आणि मुरमावर असा सूर मारून बघा. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर त्याच्या खुणा आहेत.

त्या पहिल्या हंगामात वरच्या गटातल्या खेळाडूला ५ लाख मिळाले, सगळ्यात खालच्या गटात १ लाख. क्रिकेटपुढे ही रक्कम काहीच नाही. पण खो-खोत ट्रॉफी, ट्रॅकसूट आणि प्रवासखर्च यापलीकडे हाताला काही लागत नव्हतं. लीग टीव्हीवर दिसल्यावर आमच्या मंडळात पालक स्वतःहून मुलं घेऊन आले, आणि मॅटही आली. काका अजून मातीवरच शिकवतात. आठवड्यातले तीन दिवस मी त्याच मुलींना हॉलमध्ये मॅटवर घेते.

आता लीगवाल्यांबद्दलही स्पष्टच सांगते. पहिल्या दोन्ही हंगामांत मुलींना जागा नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, महिलांनी नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. या पोरींना लीग का नाही, याचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. दुसरं, संघांची नावं बघा: मुंबई, चेन्नई, गुजरात, राजस्थान, ओडिशा, तेलुगू. ज्या सांगली, धाराशिव, सोलापूर, ठाण्याच्या मैदानांवर खेळाडू घडतात, त्यांच्या नावाचा एकही संघ नाही. शिवाय पहिला हंगाम सप्टेंबर २०२२ ला संपला आणि दुसरा कटकला सुरू झाला तो २४ डिसेंबर २०२३ ला. एवढ्या खंडावर कुणी घर चालवू शकत नाही. तुमच्या घरात कुणी खेळत असेल तर नोकरीचा विचार आधी, लीग नंतर.

वजिराबद्दलही एक सांगायचं राहिलं. १४ वर्षांखालच्या मुलांना वजीर शिकवू नका. आधी दिशेचा नियम अंगात मुरू द्या, नाहीतर मुलं हुलकावणी शिकतच नाहीत. एवढ्यापुरतं तुमच्या वडिलांचं आणि माझ्या काकांचं बरोबर आहे.

वडिलांना तो अंतिम सामना दाखवा, निदान शेवटची पाळी. वजिराकडे बघू नका म्हणावं, संरक्षकांचे पाय बघा. आणि ते अजून मुलांना शिकवत असतील तर मातीवरून मॅटवर नेताना शूज चांगले घ्यायला सांगा. सुरुवातीला खांबाजवळ चालत वळायला शिकवायचं, मग हळू धावत. घोटा सरावला की मगच जोरात पळू द्यायचं, आणि सूर सगळ्यात शेवटी.