खोलीचं माप

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा परवा रात्री एका बैठकीत वाचली आणि काल सकाळी चहा झाल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. चाळ रिकामी करून ट्रान्झिट कॅम्पात आलेलं सहा माणसांचं बिऱ्हाड तुला आतून माहीत आहे, हे पानोपानी कळतं. पाणी यायच्या आधी आई दारात बादल्या लावून ठेवते आणि धाकटा अर्धवट झोपेत त्या ओलांडून बाहेर जातो, एकाही बादलीला पाय लागू देत नाही. तिथे मी थांबलो. असं काही टेबलाशी बसून सुचत नाही, ते पायांना माहीत असावं लागतं.

फोन मात्र मुद्दाम केला नाही. मला जे म्हणायचं आहे ते सावकाश लिहिलं तरच नीट पोचेल. तुझ्या पटकथेतली आई देवी आहे. बिल्डरचा माणूस राक्षस आहे. मोठा भाऊ दारू पितो, पण शेवटी आईच्या पायावर डोकं ठेवून रडतो आणि मग बाविसाव्या मजल्यावरच्या घराची किल्ली तिच्या हातात पडते. बादल्या ओलांडणारा पोरगा तू चाळीत पाहिलास. ही बाकीची माणसं तू सिनेमात पाहिलीस. आपल्या माणसांचं वकीलपत्र घेऊन तू लिहायला बसलास, आणि अशिलाच्या अडचणीचं जे जे होतं ते बाजूला ठेवलंस.

म्हणून तुला एक चित्रपट बघायला सांगतो.

हंगेरियन दिग्दर्शक बेला तारचं नाव तू ऐकलं असशील. सव्वासात तासांचा चित्रपट, पावसाने चिखल झालेलं गाव, न तोडलेले लांबच लांब शॉट, अशी त्याची ख्याती. फिल्म सोसायटीतली मंडळी तिथूनच सुरुवात करायला सांगतात. तू तसं करू नकोस. त्याचा अगदी पहिला चित्रपट बघ, १९७७ साली बुडापेस्टमध्ये केलेला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून लहानच. चित्रपटाचं नाव ‘चालादी त्यूझफेसेक’. इंग्रजीत त्याला नुसतंच ‘फॅमिली नेस्ट’ म्हणतात आणि त्यात निम्मा अर्थ सांडतो. चालादी म्हणजे कुटुंबाचं, फेसेक म्हणजे घरटं, आणि त्यूझ म्हणजे आग. त्यूझफेसेक म्हणजे आग जिथून पेटते ती जागा. चुलीसाठीही त्यांचा शब्द त्यूझपासूनच होतो. घरटं, चूल आणि भडका, तिन्ही एकाच नावात.

गोष्ट सांगायला दोन ओळी पुरतील. इरेन नावाची तरुण बाई सॉसेजच्या कारखान्यात कामाला आहे. नवरा लात्सी सैन्यात गेलेला, म्हणून ती लहान मुलीला घेऊन सासरी राहते. घर एवढंसं, माणसं भरपूर. लात्सी नोकरी पुरी करून परत येतो, आणि आता सगळं सुरळीत होईल असं जे तिला वाटत असतं ते होत नाही. बस. सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर येतो: ही खरी गोष्ट आहे, चित्रपटातल्या माणसांच्या बाबतीत ती घडलेली नाही, पण घडू शकली असती. तुझ्या पटकथेच्या पहिल्या पानावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असं ठळक अक्षरांत आहे, त्याच्या शेजारी हे ठेवून बघ.

पहिल्या काही मिनिटांत कारखाना येतो. कामगार बायका बाहेर पडताना गेटवर त्यांच्या पिशव्या उघडून बघतात. माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटली की गेटवर झडती व्हायची, हात वर करून उभं राहायचं. घरी येऊन ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. बुडापेस्टमधल्या त्या बायकांचे चेहरे बघताना, ते का बोलले नाहीत ते मला समजलं. एकही बाई चिडलेली दिसत नाही, सवय झालेली दिसते.

तिथला काळ थोडा समजून घे. हंगेरीत कम्युनिस्ट नेता यानोश कादारची राजवट, कामगारांचं म्हणवणारं राज्य. १९६० साली सरकारने जाहीर केलं की पंधरा वर्षांत दहा लाख घरं बांधू, आणि तो आकडा गाठलासुद्धा. काँक्रीटच्या अख्ख्या भिंती कारखान्यात ओतायच्या, ट्रकवरून आणायच्या आणि क्रेनने एकावर एक लावायच्या. या इमारतींना ते नुसतं ‘पानेल’ म्हणतात. तरीही बुडापेस्टमध्ये नवीन लग्न झालेली जोडपी वर्षानुवर्षं आईबापांच्या घरात किंवा कुणाच्या तरी एका खोलीत पोटभाडेकरू म्हणून काढत होती. घर देणार स्थानिक परिषद, आणि परिषदेकडे यादी. परिषदेला हंगेरियनमध्ये ‘तानाच’ म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे सल्ला. चित्रपटात इरेन घराच्या कचेरीत जाते तो सीन मी कितीदा पाहिला असेन. तिथला माणूस वाईट नाही. तो ओरडत नाही, पैसे मागत नाही, ऐकून घेतो. त्याच्याकडे घर नाही, इतकंच. ती रडकुंडीला येते, पुन्हा तेच सांगते, तो पुन्हा तेच सांगतो. तानाचकडून तिला मिळतो तो सल्ला. तुझ्या पटकथेतला म्हाडाच्या कचेरीतला कारकून पहिल्याच वाक्यात पाकीट मागतो आणि तिथेच सीन संपतो, कारण प्रेक्षकाला राग कुणावर काढायचा ते समजलेलं असतं. त्या कारकुनाला प्रामाणिक करून बघ. बघ तुझ्या आईला मग काय काय बोलावं लागतं.

बेला तार या गोष्टीकडे कसा आला, तेही ऐक. चौदाव्या वाढदिवसाला वडिलांनी त्याला आठ मिलिमीटरचा कॅमेरा दिला होता. सोळाव्या वर्षी त्याने जिप्सी कामगारांवर एक छोटी फिल्म केली. कामासाठी देशाबाहेर जाऊ द्या, असं पत्र त्या कामगारांनी थेट कादारला लिहिलं होतं. तत्त्वज्ञान शिकायचं त्याच्या मनात होतं, पण या फिल्मपायी विद्यापीठाचं दार बंद झालं. मग बुडापेस्टमधल्याच ओबुडा भागातल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात त्याने अंगमेहनतीचं काम केलं. रिकाम्या घरात घुसून राहणाऱ्या एका कामगार कुटुंबाला पोलीस बाहेर काढत होते, ते टिपायला गेला तर त्यालाच धरलं. खरा प्रसंग टिपता येत नसेल तर तो उभा करावा, हा विचार तिथून आला. बेला बालाझ स्टुडिओ नावाची तरुणांसाठीची एक जागा होती. पैसा सरकारी, पण केलेली फिल्म प्रदर्शित झालीच पाहिजे अशी सक्ती नाही. त्यामुळे धोका पत्करायला थोडी मोकळीक असायची. तिथे अगदी थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत, एकही व्यावसायिक नट न घेता त्याने हा चित्रपट केला. प्रसंग काय ते सांगायचा, वाक्यं माणसं स्वतःची बोलायची.

आता खोलीकडे येतो. मला मुख्य बोलायचंय ते खोलीबद्दलच.

त्या घरात कॅमेरा हातात धरलेला आहे आणि जवळजवळ सतत चेहऱ्यावर आहे. मागे सरकायला जागाच नाही. सासरा बोलत असतो, पैशांबद्दल, शिस्तीबद्दल, सुनेच्या उशिरा येण्याबद्दल. बोलणं थांबत नाही, पण पडद्यावर बऱ्याचदा तो नसतो, ऐकणाऱ्याचा चेहरा असतो. पूर्ण खोली एका नजरेत कधी दिसतच नाही. पलंग कुठे, दार कुठे, हे आपल्याला शेवटपर्यंत नीट सांगता येत नाही, कारण तिथे राहणाऱ्याला खोली दिसत नसते, समोरचं माणूस दिसत असतं. तू तुझ्या पहिल्याच सीनमध्ये लिहिलं आहेस, ‘वाईड शॉट, खोलीची दाटी दिसते.’ पण दहा बाय बाराच्या खोलीत वाईड शॉट घ्यायचा तर कॅमेरा भिंतीबाहेर न्यावा लागतो. म्हणजे भिंत पाडावी लागते. ती भिंत तुझ्या घरच्यांना कधीच पाडता आलेली नाही.

मी परळला अशाच खोलीत वाढलो. आठ माणसं. दादाचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील तिसऱ्या पाळीला, आम्ही पोरं गॅलरीत, आई मोरीच्या अंगाला, आणि मधे दोरीवर टाकलेली जुनी साडी. दादा-वहिनींची भांडणं कुजबुजीत व्हायची. आम्ही डोळे मिटून सगळं ऐकायचो आणि सकाळी काहीच ऐकलं नाही असं वागायचो. वहिनी भांडी घासायला बसली की पितळेचा तांब्या ज्या जोराने मोरीत आदळायचा, त्यावरून रात्री शेवटचा शब्द कुणाचा झाला ते कळायचं. एकदा भर दिवसा दादाने तिच्यावर हात टाकला. आई तिथेच होती. तिने मान वळवली आणि तव्यावरची भाकरी उलटली. माझी आई चांगली बाई होती, शेजारच्या तीन बाळंतपणांत रात्र रात्र जागलेली. आणि त्या दिवशी तिने भाकरी उलटली. गेली चाळीस वर्षं मी चाळीबद्दल लिहितो आहे, पण हे आजवर कुठे लिहिलेलं नाही. तुला लिहितोय, कारण तू तेच करायला निघाला आहेस जे मी करत आलो.

इरेन एकदा कामावरच्या मैत्रिणीला घरी आणते. ती जिप्सी आहे. सासऱ्याला ते खपत नाही, टोमणे सुरू होतात. ती निघते, आणि लात्सी आणि त्याचा भाऊ तिला वाटेत गाठून तिच्यावर बलात्कार करतात. नंतर तिघं जाऊन एकत्र दारू पितात. हा सीन तुला फार त्रास देईल, तयारी ठेवून बघ. मला तेव्हा उठून जावंसं वाटलं होतं. गांजलेल्या माणसांच्या बाजूने उभा राहिलेला हा दिग्दर्शक, आणि त्याचा लात्सी, ज्याची आपल्याला कीव येत होती, तो स्वतःहून दुबळी असलेली बाई दिसताच हे करतो. बावीस वर्षांच्या मुलाने ते झाकलं नाही, घराच्या टंचाईची ढालही पुढे केली नाही. पुढे हाच लात्सी शेवटी कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता रडतो. ते रडणं खरं आहे, आधीचं कृत्यही खरं आहे, आणि दोन्ही एकाच माणसाचं आहे हे तुला धरून बसावं लागतं. तुझ्या दारुड्या भावाला आईच्या पायावर डोकं ठेवायला लावून तू प्रेक्षकाची त्यातून सुटका करतोस.

मधे जत्रेचा एक सीन आहे. इरेन, लात्सी आणि मुलगी पाळण्यात बसतात, गाणं वाजतं, सगळ्या चित्रपटात तेवढाच मोकळा वारा. मग खाली उतरल्यावर लात्सीला उलटी होते. सुखाचे क्षण कसे लिहायचे असं तू विचारलं होतंस ना? हा बघ.

किल्लीबद्दलही बोलायला हवं. इरेनला घर मिळत नाही. सासरा मुलाचे कान भरतो की तू नसताना तुझी बायको बाहेर फिरत होती, आणि शेवटी ती मुलीला घेऊन एका रिकाम्या घरात जाऊन राहते, कायद्याच्या दृष्टीने घुसखोर म्हणून. पण समज, तिला घर मिळालं असतं तर? त्याचं उत्तर त्याच दिग्दर्शकाने १९८२ साली ‘पानेलकापचोलात’ या चित्रपटात दिलं. तिथल्या जोडप्याकडे पानेल इमारतीतलं घर आहे. दार लावता येतं, सासरा नाही, पडदा लावायची गरज नाही. तरी नवरा बॅग भरतो आणि निघून जातो. शेवटी दोघं धुलाईचं यंत्र विकत घेतात आणि उघड्या ट्रकच्या मागच्या बाजूला त्या यंत्राशेजारी बसून घरी येतात. कुणी काही बोलत नाही. ट्रक चालत राहतो. बाविसाव्या मजल्यावरच्या किल्लीनंतरचा तुझा सीन मला तिथे दिसला.

एक मात्र सांभाळ. हे बघून हातात कॅमेरा घेशील, माणसांना वाक्यं न देता बोलायला सांगशील, आणि झालं असं वाटेल. कुजबुजणाऱ्या घरांत माणसं मनातलं सहजासहजी बोलत नाहीत. तुझ्या चाळीतल्या बायकांबरोबर आधी महिनाभर नुसता बस. भाजी निवड, पाण्याला उभा राहा. आवाज टिपून ठेव, भांड्यांचे, स्टोव्हचे, जिन्यावरच्या पावलांचे. चित्र नंतर येईल.

आणि तुझ्या पटकथेत मोठ्या भावाची बायको आहे. अख्ख्या पटकथेत तिला चार वाक्यं आहेत, त्यातली दोन ‘चहा ठेवू का?’ अशी आहेत. बेला तारने त्या घरातून निवडली ती तीच, बाहेरून आलेली सून, जिच्या नावावर त्या घरात एक खुंटीसुद्धा नसते. घर चालतं तिच्या पगारावरही आणि जागा अडते तीही तिच्यामुळेच, असं सगळ्यांना वाटतं.

नवा खर्डा पाठवशील तेव्हा पहिल्या पानावर खोलीचा नकाशा काढ. लांबी-रुंदी टेपने मोजून लिही. मोरी, पलंग, देव्हारा, खिडकी, सगळं दाखव. आणि रात्री सहा जणं कुठे कुठे झोपतात ते नावानिशी लिही. या खर्ड्यात मी पाच जणांच्या जागा शोधून काढल्या, वहिनीची सापडली नाही.

तुझा,
काका