'रद्द' हा शब्द तुम्ही लिहू नका

प्रश्न: माझा मुलगा 12 वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, तो व्हीलचेअर वापरतो. नाताळच्या सुट्टीत थीम पार्कला जायचं म्हणून सांगलीतल्या एजंटामार्फत पुण्याच्या एका टूर कंपनीकडे पाच जणांचे 52,000 रुपये भरले. बुकिंगच्या वेळी व्हीलचेअरचं सांगितलं होतं; 'सगळी सोय होते' असं उत्तर मिळालं. आता निघायला तीन आठवडे राहिलेत आणि म्हणतात, बसमध्ये खुर्ची घेता येणार नाही, हॉटेलला लिफ्ट नाही, खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. मुलाला घरी ठेवत असाल तर त्याचे पैसे परत देतो; सगळी सहल रद्द केलीत तर सीझनमुळे एक रुपयाही मिळणार नाही. काय करावं?
– एक वाचक, तासगाव

ताई, 'मुलाला घरी ठेवत असाल तर' ही ओळ मी दोनदा वाचली. सहल ज्याच्यासाठी ठरली त्यालाच मागे ठेवायचं आणि वर ते उपकार केल्यासारखं सांगायचं, याचा मला राग आला.

आधी तातडीचं. सहल रद्द करतो असं फोनवर, व्हॉट्सॲपवर, कुठेही म्हणू नका. तुम्ही रद्द केलीत की पावतीमागची कॅन्सलेशनची अट ते तुमच्यापुढे धरतील. खरी गोष्ट अशी आहे की तुम्ही जायला तयार आहात आणि कबूल केलेली सोय त्यांना देता येत नाहीये. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या भाषेत ही सेवेतील त्रुटी. पुढे पैसे परत मागायची वेळ आली तर सगळा वाद याच मुद्द्यावर फिरेल. मुलाच्या वाट्याचे पैसेही आत्ता घेऊ नका. 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या कागदावर सही तर अजिबात नको.

तोंडी आश्वासन सिद्ध कसं करायचं ही तुमची खरी अडचण आहे. त्यावर उपाय एकच, आजच एजंट आणि कंपनी दोघांनाही ईमेल. अमुक तारखेला फोनवर मुलाच्या व्हीलचेअरबद्दल सांगितलं, तुम्ही सोय होते म्हणालात, त्यावर विसंबून पैसे भरले. आता तुम्ही असं सांगता. सात दिवसांत पर्यायी व्यवस्था लेखी कळवा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. एवढंच लिहा, साध्या मराठीत. त्यांनी हे नाकारलं नाही तर तो तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा होतो. जुने मेसेज पुसू नका, आणि ज्या फोनवर ते आले तो फोन विकू नका. स्क्रीनशॉटवर शंका घेतली गेली तर मूळ फोन लागतो.

'सोय आहे' या दोन शब्दांना मात्र यापुढे काही किंमत देऊ नका. घरी टेप घ्या, खुर्चीची रुंदी मोजा आणि प्रश्न इंचांत विचारा. खोलीचं दार किती रुंद, बाथरूमचं दार किती, वाटेत पायऱ्या किती, रॅम्प आहे का, बस कुठे थांबणार आणि तिथलं स्वच्छतागृह कसं आहे. खुर्ची घडीची असेल तर घडी केल्यावरचं मापही लिहा. डिकीत मावणारी खुर्चीसुद्धा 'बसत नाही' म्हणून टाळली जाते. तळमजल्याची खोली किंवा दुसरं हॉटेल मागा. तीन आठवडे हातात आहेत, हे त्यांना अशक्य नाही.

पार्कलाही वेगळं पत्र पाठवा. इथे मी तुम्हाला थोडं थांबवीन. प्रत्येक राइडवर बसण्याचा हक्क कायदा देत नाही. वेगाच्या राइडवर धड स्वतः तोलून धरावं लागतं, संकटात पटकन उतरावं लागतं. अशा वेळी सुरक्षेसाठी घातलेली मर्यादा कायद्याला मान्य आहे, पण ती त्या राइडपुरती आणि कारण दाखवून. 'व्हीलचेअरवाल्यांना बंदी' अशी सरसकट पाटी चालणार नाही. मुलाला काय झेपतं याचं डॉक्टरांचं पत्र घ्या, आणि डिसेंबरअखेरच्या गर्दीत रांगेऐवजी काय व्यवस्था असेल, सोबत कोण बसू शकेल, हे आधी विचारा. प्रवेशाला 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहून घेतील. त्या सहीने त्यांचा निष्काळजीपणा माफ होत नाही.

या सगळ्यामागे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 उभा आहे. कलम 3 भेदभाव रोखतं, आणि सेवा सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशी, ठेवायला सांगणारं कलम 46 खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या नियमांतला सुगम्यतेचा नियम 15(1) रद्द ठरवला, कारण तो बंधनकारक न राहता नुसत्या शिफारशींसारखा झाला होता. केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे निकष करायला सांगितलं. त्याआधी 2016 मध्ये जीजा घोष यांना याच न्यायालयाने 10 लाखांची भरपाई दिली होती. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या बाईंना 2012 मध्ये गोव्याला निघालेल्या विमानातून उतरवलं होतं. तुमच्या पत्रात या प्रकरणाचा उल्लेख जरूर करा.

उत्तर आलं नाही तर तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पावतीवर 'न्यायक्षेत्र पुणे' असं छापलेलं असेल, त्याला घाबरू नका. 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही कंपन्या तिथेच नरमतात. भेदभावाची तक्रार वेगळी, ती पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे. मुलाचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर अर्ज आजच करा.

आणि पार्कला पत्र लिहिण्याआधी त्याला कोणत्या राइडवर बसायचंय ते त्यालाच विचारा. बारा वर्षांचा आहे, त्याची यादी तयार असेल.