मात्रा किती, हे आधी विचारा

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या अन्नात किरणोत्सर्ग उरतो का?
नाही. ओव्हन बंद झाला की लहरीही संपतात. दार नीट लागत नसेल तर मात्र दुरुस्तीपर्यंत तो वापरू नका.

प्रश्न : केळ्यात किरणोत्सर्ग असतो म्हणे. मुलांना द्यावीत का?
जरूर द्या. तो पोटॅशियम-40चा, म्हणजे पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी प्रकाराचा असतो. शरीर पोटॅशियम ठरावीक पातळीवरच ठेवते, जास्तीचे लघवीवाटे जाते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारा, पण ते पथ्य वेगळ्या कारणासाठी.

प्रश्न : मोबाइलपासून रक्षण करणारे 'निगेटिव्ह आयन' लॉकेट मुलीने झोपतानाही घालावे का?
आत्ताच काढून ठेवा. मोबाइलच्या लहरींमध्ये अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. उलट अशा काही लॉकेटांत थोरियम या किरणोत्सर्गी धातूच्या खनिजाची पूड सापडली आहे. म्हणजे नसलेल्या धोक्यावर उपाय म्हणून खरा किरणोत्सर्ग गळ्यात बांधायचा! 2021मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशा 10 वस्तू वापरू नका असे बजावले. त्यात लहान मुलांचे ब्रेसलेटही होते. लॉकेट फोडू नका, घासू नका. पिशवीत बंद करून विल्हेवाटीबद्दल किरणोत्सर्ग सुरक्षा यंत्रणेला विचारा.

प्रश्न : वडिलांच्या पोटाचे दोन सीटी झाले. नव्या डॉक्टरांनी तिसरा सांगितलाय. टाळावा का?
परस्पर टाळू नका. पण आधीचे स्कॅन त्यांनी पाहिलेत का? माझा जीव इथेच तुटतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) मिळतात. छातीच्या एक्स-रेमध्ये 0.1 किंवा त्याहून कमी, तर पोटाच्या एका सीटीत साधारण 8 ते 10. कॉन्ट्रास्टच्या (स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून देतात त्या औषधाच्या) आधी आणि नंतर अशा दोन फेऱ्या घेतल्या तर आणखी जास्त. इतके असून लोक फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर फोटो काढतात आणि तोच पुढे पाठवतात. त्यावरून गाठ मोजता येत नाही, मग स्कॅन पुन्हा होतो. मूळ डायकॉम फाइल्सची (स्कॅन यंत्रातल्या मूळ प्रतिमांची) सीडी मागून घ्या, लेखी रिपोर्टसोबत जपा आणि दरवेळी न्या. तिसऱ्या स्कॅनमधून नेमके काय कळायचे आहे आणि ते सोनोग्राफी किंवा एमआरआयवर कळेल का, हे डॉक्टरांना विचारा. त्या दोन्हींत क्ष-किरण नसतात. मात्र रक्तस्राव किंवा आतडे फुटल्याची शंका असेल तर एक तासही दवडू नका. तिथे उशीर किरणांपेक्षा घातक.

प्रश्न : तळघरातल्या खोलीत रेडॉन असेल का?
रेडॉन हा जमिनीतून झिरपणारा किरणोत्सर्गी वायू. वासावरून कळत नाही, मोजावाच लागतो. निसर्गातून मिळणाऱ्या मात्रेचा जवळजवळ निम्मा वाटा याच वायूचा. मोजणीची डबी खोलीत किमान तीन महिने ठेवा. दोन दिवसांच्या आकड्यावर विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी हवेच्या घनमीटरला 100 बेक्वेरेल (सेकंदाला किती अणू विघटन पावतात याचे एकक) आहे. आकडा त्यावर गेला तर जाणकाराकडून जमिनीखालची हवा पंख्याने बाहेर काढण्याची सोय करून घ्या. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते आजच थांबवा. रेडॉनसोबत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.

प्रश्न : दहा तासांच्या विमानप्रवासाचे काय?
सुमारे 0.05 मिलिसिव्हर्ट. खुशाल जा. गरोदरपणी वारंवार उडावे लागत असेल तर डॉक्टरांशी बोला.